साक्षीदाराला काही मिळत नाही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा वकिलांचे काळे गाऊन शिवणे (सध्या बंद), राहणार कोर्टामागच्या गल्लीतील दुकानाच्या पोटमाळ्यावर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल विचारत नाही. कोणी दबाव आणलेला नाही. आणायला घरात कोणी उरलेलेच नाही. कागदोपत्री नाव सहीत आहे. एरवी सगळी गल्ली मला वहिनी म्हणते, कारण आक्का म्हणत.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. माझे यजमान लवकर गेले तेव्हा माहेरची माणसे मला न्यायला आली होती. आक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ती कुठे जायची नाही, मला कापड बेतायला माणूस हवंय. तेव्हापासून मी बेतत आले, त्या शिवत आल्या. बिनलग्नाची नणंद आणि विधवा भावजय, दोघींचे कसे पटते याचे लोकांना भारी कुतूहल. पटत नसे. रोज भांडायचो आणि एका ताटात जेवायचो.

कलम १. दुकान व वरचा पोटमाळा यजमानांनी माझ्या नावे केला होता. तो मी माझ्या लेकीला देते. लेक पोटची नव्हे. साथीत आक्कांना इंजेक्शन द्यायला घरी येणारी नर्स, ती. साथ संपली, तिचे येणे संपले नाही. तिला सारख्या खोल्या बदलाव्या लागतात, सामान एका बॅगेत भरून.

कलम २. शिलाई मशीन, मोठी कात्री व बँकेत जे काही असेल तेही तिलाच. तिला शिवता येत नाही. शिकेल. कात्रीने कागद कापलेला मला वरूनही दिसेल, हे तिने लक्षात ठेवावे.

कलम ३. शिवायला गिऱ्हाईक मिळेल असे मात्र मी म्हणत नाही. साथीत कोर्ट बंद पडले, सुनावण्या पडद्यावर सुरू झाल्या आणि हुकूम निघाला की गाऊन घालायची गरज नाही. वकील घरी बसून बाजू मांडू लागले, वर कोट आणि खाली काय ते त्यांनाच ठाऊक. आक्कांच्या मशीनवर तेव्हा एक गाऊन अर्धवट होता, आमच्या वकीलसाहेबांचा. हे गृहस्थ हातवारे करून इतके बोलतात की दरसाल खांद्याशी उसवतात; आक्का त्यांना उसवलेले साहेब म्हणत. तो गाऊन त्यांना द्यावा. डावी बाही जोडायची राहिली आहे. दुसऱ्या कोणाकडून जोडून घेऊ नये.

कलम ४. आम्ही दोघी राहायचो ते आक्कांचे घर आता माझ्याकडे नाही, म्हणून ते मी कोणाला देऊ शकत नाही. तरी त्याचे कलम मला हवे आहे.

आक्का आजारी पडल्या तेव्हा आमच्या इमारतीला पत्रे ठोकले होते. दवाखान्यात खाट नव्हती. घर माझ्या नावे लिहून ठेवायचे, हे त्यांनी डोक्यात घेतले. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागत, आणि दोघांनी त्याच खोलीत हजर राहून सही करायची असा तेव्हाचा कायदा. खोलीत आक्का, नर्स आणि मी. वकीलसाहेब खाली रस्त्यावर उभे राहून फोनवर मजकूर सांगत होते, मी उतरवून घेत होते. आक्कांनी सही केली. नर्सने केली. दुसऱ्या कोणाला पोलीस वर सोडेनात.

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. साहेब म्हणाले, "वहिनी, तुम्ही सही करू नका. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. घर जाईल. उद्या मी कुणाला तरी वर आणतोच."

बाहेर आले तर नर्सने माझ्याकडे बघून मान हलवली. उद्या नव्हता. आक्कांची नजर माझ्या हातावर होती. बेतताना माझी कात्री रेघेवरून जरा हलली तरी त्यांना कळायचे, त्यांना मी काय फसवणार?

मी सही केली.

"झालं का गं?"

"झालं, आक्का."

"आता घर तुझं. आता तुला कुणी ऊठ म्हणणार नाही."

"नाही म्हणणार," मी म्हणाले.

त्या झोपल्या, त्या उठल्याच नाहीत. माझ्या आयुष्यात मी इतके रडले नव्हते, आणि तोंडाला मास्क असल्यामुळे ते नीट रडताही आले नाही.

दिराच्या मुलाने दावा लावला. सुनावणी पडद्यावर झाली. न्यायाधीश सज्जन होते. म्हणाले, बाईंनी अज्ञानातून सही केली, माझा नाइलाज आहे. माझा आवाज बंद होता, तो कसा चालू करायचा ते मला कळले नाही. चालू असता तरी मी बोलले नसते. गल्लीत म्हणतात, अडाणी बाईने हाताने घर घालवले. मी इथे लिहून ठेवते की ते अज्ञान नव्हते.

साथ ओसरता ओसरता कायदा बदलला. आता साक्षीदार पडद्यावरूनही चालतो. सांगायला साहेब स्वतः आले आणि पायरीवर बसून राहिले. जुने कागद त्यात बसत नव्हते. जुन्या कायद्यालाही मी वाईट म्हणत नाही. मरणाऱ्याच्या उशाशी हावरी माणसे गोळा होतात, म्हणून तो केला होता. त्याला असा साक्षीदार हवा होता, ज्याला त्या मरणातून काही मिळणार नाही. मला काही मिळाले नाही. माझ्याइतकी खरी साक्षीदार आक्कांना दुसरी मिळाली नसती.

कलम ५. पुतण्याला त्या घराची जुनी किल्ली द्यावी. कुलूप त्याने बदलले आहे. त्याने दुकानावर डोळा ठेवला आहे हे मला माहीत आहे, म्हणूनच पुढचे कलम.

कलम ६. साहेब म्हणाले, पडद्यावरून साक्षीदार घेऊ, जिने कशाला चढायला लावता? मी नको म्हटले. मला माणसे खोलीत हवीत. गल्लीतला किल्ल्या करणारा आणि झेरॉक्सवाली हे माझे साक्षीदार, यांना मी काहीही देत नाही, चहासुद्धा सह्या झाल्यावरच. लेक आज येऊन म्हणाली, मी असताना परकी माणसं कशाला, मी करते सही. मी तिच्यावर ओरडले आणि तिला बाहेर काढले. तिचा चेहरा उतरला. का ते तिला सांगता आले नाही. बोलायला लागले असते तर मीच कोसळले असते.

सही: (सही), ऊर्फ वहिनी
साक्षीदार: किल्ल्या करणारा (सही), झेरॉक्सवाली (सही)
ठिकाण: पोटमाळा, दार उघडे ठेवून
दिनांक: कोर्टाच्या सुट्टीनंतरचा पहिला सोमवार

ताजा कलम: सह्या झाल्या. ती जिन्यात रडत बसली आहे. कोणीतरी जाऊन तिला आत आणा, आणि हा कागद तिला वाचायला द्या. तिला आता कोणी ऊठ म्हणणार नाही.