शून्य पुसायचं सोडून

अभनपूर

प्रिय नीलेश,

'प्रिय' सवयीने लिहिलंय, डोकं फिरलेलंच आहे. फोनवर तू 'हव दीदी, बाद में' म्हणून मोकळा होतोस, म्हणून हे पत्र तुझ्या जिजाजींच्या हाती पाठवतेय. पूर्ण वाच.

काल बाबा पेढे घेऊन आले. तू कॉलेज सोडून सोमवारपासून सिलतऱ्याच्या कारखान्यात लागतोस, त्याचे पेढे! म्हणाले, "पोट्टा म्हणते, साडेसहा सीजीपीए नसला तर नोकरीच्या कॅम्पस इंटरव्ह्यूले बसू देत नाही, अन् तो आता होतच नाही. मग काहून बसून राहायचं?" पेढा माझ्या हातातच राहिला.

होत नाही, हे तुला सांगितलं कोणी? चार सेमिस्टरची सरासरी ५.७, म्हणजे उरलेल्या दोन्हींत ८.१ हवेत, असाच हिशेब केलास ना? अरे शहाण्या, पहिल्या सेमिस्टरला नापास झालेलं गणित त्यात शून्य म्हणून बसलंय, तेही चार क्रेडिटचं! तो पेपर पुन्हा देऊन नुसते सहा आणलेस तरी शून्य जातं, सरासरी सहावर येते, आणि मग साडेसात पुरतात. गेल्या सेमिस्टरला तू साडेसात आणलेच होतेस. पण गणिताला हात लावायचा नाही, त्यापेक्षा कॉलेजच सोडलेलं बरं! लाज नाही वाटत?

मला कसं माहीत, विचारू नकोस. याच कॉलेजात, याच विषयात मी चार सेमिस्टर ८.४ वर होते. पाचवं सुरू व्हायच्या आत बाबांनी माझं लग्न ठरवलं. इंदूचं शिकणं पुरे, आता नीलेश शिकेल, म्हणाले. गोल बाजारातून माझी भांडी आणताना तू किती खुशीत होतास! तू जे फेकून देतोयस ते माझ्या ताटातलं काढून तुला वाढलेलं होतं. म्हणून हा संताप.

आता ऐक. परवा मी कॉलेजात जाऊन आले. माझी चार सेमिस्टर अजून धरतात. पाचव्याला नाव घातलंय, तुझ्याच वर्गात. जिजाजींना ठाऊक आहे, बाबांना नाही. रविवारी त्यांना दोन्ही गोष्टी तू सांगायच्यास: तू सिलतऱ्याला जात नाहीस, आणि इंदू कॉलेजला जाते आहे. सोमवारी माझ्या शेजारची जागा रिकामी दिसली, तर तास सोडून कारखान्याच्या गेटवर येईन तुला न्यायला.

तुझीच, अजून रागातच,
इंदूदीदी