नीलांबरीच्या नावावरचा नंबर

३ मार्च, सोमवार. सकाळी ९
आजपासून रोजनिशी. फक्त कामाच्या गोष्टी. भावना वगैरे नाहीत.
काम एकच. घरचा लँडलाइन नंबर मोबाइलवर नेणे. कारण तांत्रिक आहे. माझी बायको नीलांबरी सध्या मेमरी केअर सेंटरमध्ये आहे आणि तिला हा एकच नंबर पाठ राहिलाय. तिथून दिवसाला आठ-दहा फोन करते. मी बाहेर असलो की घरात वाजत राहतो. काल परत आलो तर आन्सरिंग मशीनवर अकरा मेसेज. अकराही सारखेच: अरे, मी आहे, घ्यायला ये.
नंबर खिशात आला की एकही कॉल चुकणार नाही. अडतीस वर्षं गाड्यांचे ब्रेक पास-नापास केले. एका नंबराला दोन दिवस पुरे.
सेंटर तात्पुरतं आहे. एप्रिलअखेर तिला घरी आणणार.

५ मार्च, बुधवार
शिवांगीचा जर्सी सिटीहून फोन. म्हणाली, बाबा, जुनी सर्व्हिस आधी कॅन्सल करू नकोस, नंबर कायमचा जाईल. मी म्हटलं, माहीत आहे. माहीत नव्हतं. सकाळी कॅन्सल करायलाच बसलो होतो, होल्डवर ठेवलं म्हणून कंटाळून सोडून दिलं.
मग तिने विचारलं, तू प्रत्येक कॉल घेणार? एव्हरी सिंगल वन? म्हटलं, अर्थात. हे काय विचारणं झालं.

११ मार्च, मंगळवार
नंबर हलवायची रिक्वेस्ट रिजेक्ट. नाव जुळत नाही. फोन नीलांबरीच्या नावावर आहे. एक्क्याण्णव साली इथे ट्रॉयमध्ये हे घर घेतलं तेव्हा मी प्लँटवर असायचो, फोन तिनेच घेतला होता.
कंपनीची मुलगी म्हणाली, अकाउंट होल्डरशी बोलावं लागेल. सोपं आहे. शुक्रवारी सेंटरमधून स्पीकरवर घेऊ. पाच मिनिटांचं काम.

१४ मार्च, शुक्रवार
कंपनीच्या मुलीने विचारलं, आपण नीलांबरी का? नीलांबरी अगदी स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, ती बाहेर गेली आहे, लायब्ररीत. आली की फोन करायला सांगते. तुमचा नंबर द्या. मग माझ्याकडे वळून पेन मागितलं. मी दिलं. तिने नंबर नीट लिहून घेतला.
तिथली केअरगिव्हर डेनीस म्हणाली, पॉवर ऑफ अॅटर्नीचा कागद पाठवा, चालतो. तो आहे माझ्याकडे. डिसेंबरमध्ये सह्या झाल्या, तेव्हापासून ड्रॉवरमध्ये. पण तो कागद कायमची परिस्थिती असेल तर वापरायचा. ही कायमची नाही.

१९ मार्च, बुधवार
कागद पाठवला. केवळ फोनपुरता.

२७ मार्च, गुरुवार
झालं. अकरा चाळीसला खिशात वाजला. इंडियन ग्रोसरीत मेथी घेत होतो. पहिल्या रिंगला उचलला.
कुठे आहेस, म्हणाली. म्हटलं, दुकानात. मग घरचा फोन कोणी उचलला? म्हटलं, मीच. तू तर दुकानात आहेस ना? म्हटलं, हो. मग "सॉरी, राँग नंबर" म्हणून ठेवून दिला.
किरकोळ अडचण. यापुढे कुठेही असलो तरी "घरी आहे" म्हणायचं.

२ एप्रिल, बुधवार
पद्धत बसली. वाजला की गाडीत जाऊन बसायचं, काचा वर, घरी आहे म्हणायचं. आज नऊ कॉल. डेंटिस्टच्या खुर्चीतून दोनदा उठलो.
ती म्हणते, निघाले आहे, दार उघडून ठेव. मी म्हणतो, ठेवलंय. मग तिचा आवाज इतका खूश होतो की मला थोडा वेळ गाडी चालवता येत नाही. चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला हवा.

७ एप्रिल, सोमवार
मित्र परीक्षितकडे दर सोमवारचा ब्रिजचा डाव. फोन दोन तास सायलेंटवर. चौघांतला एक उठला की बाकी तिघांचा खोळंबा होतो. फक्त सोमवारपुरतं.

१० एप्रिल, गुरुवार
चालायला जातानाही सायलेंट. डॉक्टरांनी सलग चाला म्हटलंय. जेवताना आणि दुपारच्या डुलकीलाही. तरी हिशेब केला तर बराच वेळ उरतो.
नवा नियम: घरी असतानाच घ्यायचा. म्हणजे खोटं बोलावं लागत नाही. चांगला नियम आहे.

त्याच दिवशी, दुपारी ४
घरीच होतो. वाजला. स्क्रीनवर सेंटरचं नाव आलं. थांबेपर्यंत ओट्याशी उभा राहिलो. हात ओले होते.

२१ एप्रिल, सोमवार
चार दिवसांत एकही कॉल नाही. नंबर हलवताना काहीतरी गडबड केलेली दिसते. कंपनीला फोन लावून तासभर सुनावलं. त्यांनी तपासलं, म्हणाले लाइन ठीक आहे. शिवांगीला त्या नंबरवर रिंग द्यायला लावली. वाजला. म्हणाली, वर्क्स फाइन, बाबा. मग हळूच म्हणाली, आईने केला नसेल.
सेंटरचा फोन बिघडला असणार. गुरुवारी स्वतः तपासतो.

२४ एप्रिल, गुरुवार
सेंटरचा फोन चांगला आहे. डेनीस म्हणाली, नीलांबरी आता फोनपाशी येतच नाही. डेनीसने विचारलं होतं, मी लावून देऊ का? तर म्हणाली, नको, घरी कोणी नसतं.
नीलांबरी खिडकीशी बसली होती. तिला फोनपाशी आणलं, म्हटलं, एकदा लावून बघ, आज नक्की उचलतील. तिने दहाही आकडे न थांबता दाबले. माझ्या खिशात वाजला. मी बाहेर काढला.
तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमचा वाजतोय. घ्या ना तुम्ही. माझं काही अर्जंट नाही."
मी उचलला, हॅलो म्हणालो. तोवर तिने ठेवला होता.