वाटणीला आलेले बाबा

६ फेब्रुवारी

प्रिय अक्कास,
सा. न. वि. वि.

उभ्यानं वाचत असशील तर आधी बस. आम्ही घटस्फोट घेतो आहोत. त्याच्या ऑफिसात वरच्या मजल्यावर एक बाई आहेत, त्यांच्याशी त्याला संसार करायचा आहे. हे त्यानं मला रविवारी सकाळी सांगितलं, मी त्याच्या बाबांच्या शर्टाची बटणं लावत असताना. बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून स्वयंपाकघरात बोलावलं आणि म्हणाला, आपण दोघं समजूतदार आहोत, वकिलांची घरं कशाला भरायची, मित्रांसारखं वेगळं होऊ. चारचौघांत बोभाटा नको, ऑफिसात त्याच्या बढतीचं चाललं आहे.

मी बरं म्हटलं. त्याला इतकं हायसं वाटलं की त्यानं स्वतःचा कप स्वतः विसळला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

अक्का, मी रडलेली नाही. दिवसभर दुकानात शाळेच्या गणवेशांना काज करत बसले आणि प्रत्येक काजाबरोबर मनात त्याला एकेक भोक पाडलं. 'समजूतदार' हा शब्द त्यानं मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात चिकटवला. बाबांचं डावं अंग गेलं तेव्हाही, तू समजूतदार आहेस म्हणून, एवढं बोलून तो ऑफिसला निघून गेला होता. तेव्हापासून बाबांची अंघोळ, दाढी, औषधं, रोज सकाळी दोन जिने उतरवून दुकानात आणणं, संध्याकाळी वर चढवणं, सगळं माझ्याकडे. बाबांचं मला जड नाही. मला कापड बेतायला त्यांनीच शिकवलं, दुकानही त्यांनीच माझ्या नावावर केलं. पण त्याला आपल्या बापाची चप्पल कुठल्या पायात आधी घालायची हेसुद्धा माहीत नाही.

तर मी भांडणार नाही. इतकी गोड वागेन की त्याचे दात किडतील. कसं ते मागाहून लिहीन. भावजींना नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच असू दे.

तुझी
धाकटी

१४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आधी त्या टायवाल्याला तासभर शिव्या दिल्या, मग भाजी करपली म्हणून परत दिल्या. तुझे भावजी म्हणाले, तो इथे नाही, हळू बोल. मी म्हटलं, इथे असता तर बोललेच नसते.

मित्रांसारखं म्हणे. आमच्या समोरच्या घरात एक वकीलबाई राहतात. नवरा नावाच्या प्राण्यावर त्यांचा विशेष राग आहे. फी भारी आहे, पण माझ्या पाटल्या कपाटात नुसत्या पडून आहेत. त्याच्या ऑफिसात नोटीस जाऊ दे, बढती कुठल्या कुठे उडेल. तू म्हणशील तर मी स्वतः जाऊन त्या वरच्या मजल्यावर दोन शब्द बोलून येते. जिन्यावर उभी राहून बोलेन, म्हणजे सगळ्या मजल्यांना नीट ऐकू जाईल.

तुझ्या गोड वागण्याची मला भीती वाटते. लहानपणी तू गप्प बसलीस की आई घरातल्या कात्र्या उचलून ठेवायची. काय बेत आहे तो मला आधी कळव. आणि बाबांना हे सगळं कुणी सांगितलं आहे का? त्यांचं काय ठरवलंस?

दूध पीत जा. हाडांवर नुसती कातडी ठेवून कुणाचा सूड घेता येत नाही.

तुझी
अक्का

९ मार्च

प्रिय अक्कास,
सा. न. वि. वि.

पाटल्या कपाटातच राहू देत. काम झालं, आणि वकिलाशिवाय झालं.

दोघांची संमती असली की अर्ज एकच करायचा असतो. कोर्टात एक समुपदेशक बाई आहेत, त्या बिनपैशाचं दोघांचं ऐकून घेतात आणि कुणाला काय हे स्वच्छ लिहून काढायला लावतात. मग बाहेर टंकलेखकाकडे करारनामा टाइप करून घ्यायचा, तो अर्जाला जोडायचा, काही महिने थांबायचं आणि शेवटी न्यायाधीशांसमोर सांगायचं की हे राजीखुशीनं आहे. नवरा-बायको एकमेकांच्या नरडीवर बसलेले नसले की खरंच इतकं सोपं आहे.

बाईंची खोली लहान आहे. एक टेबल, तीन खुर्च्या, खिडकीत सुकलेली कुंडी. तो नवा शर्ट घालून आला होता, कॉलर गळ्याला काचत होती. बाबांनी शिवला असता तर काचली नसती. त्यानं फ्लॅट मागितला, मी दिला. कपाट मागितलं, पंखे मागितले, दिले. दुकान माझंच होतं, ते माझ्याकडे राहिलं. पोटगी नको म्हटलं. बाई दोनदा म्हणाल्या, नीट विचार करा. तो खुर्चीत पसरून बसला आणि बाईंना म्हणाला, ही फार समजूतदार आहे.

मग मी म्हटलं, माझं एकच कलम आहे. वडिलांचा सांभाळ मुलगा करील, स्वतःच्या घरी आणि स्वतःच्या हातानं. बाई म्हणाल्या, असं कलम माझ्यासमोर पहिल्यांदाच आलं. तो हसला आणि म्हणाला, त्यात काय लिहायचं, ते ओघानं आलंच. त्याच्या डोक्यात बाबा म्हणजे भिंतीवरचं घड्याळ, आपोआप चालतं. त्यानं सही केली, मी केली.

त्याच संध्याकाळी मी माझी बॅग घेऊन दुकानावरच्या खोलीत राहायला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन, बाबांना न्यायला कधी येतेस. मी म्हटलं, मी कोण? पलीकडे जी शांतता पसरली ना अक्का, ती मी बाटलीत भरून ठेवली असती.

बाबांना मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांच्या तोंडाकडे बघून बेत फिसकटला असता. कापायच्या टेबलाशी त्यांची खुर्ची रिकामी आहे, तिच्यावर मी कापडाचे तागे रचून ठेवले आहेत. म्हणजे रिकामी दिसत नाही.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र धाडत राहा.

तुझी
धाकटी

२८ मार्च

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

'सौ.' लिहायला पेन टेकवलं आणि थांबलो. लिहावं तर खोटं, न लिहावं तर हात वळत नाही. जागा मोकळी सोडली आहे, तुला योग्य वाटेल ते भर.

करारनाम्याची प्रत तो जेवणाच्या टेबलावर विसरून गेला, तेव्हा मी ती वाचली. कपाट, पंखे, गाद्या आणि त्याखाली मी. आयुष्यभर लोकांची मापं घेतली, माझं माप कुणी असं कागदावर घेईल असं वाटलं नव्हतं. विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं नसतं. पण विचारायला हवं होतं. माणूस न विचारता कापडालासुद्धा कात्री लावत नाही, हे मी तुला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

मला राग आला आहे. तो तुझ्यावर काढावा तर तू जिना चढून येत नाहीस. मला तर उतरताच येत नाही. म्हणून जो हाताशी आहे त्याच्यावर काढतो आहे. तुला ऐकून बरं वाटेल.

चहा पहिला थंड म्हणून परत पाठवतो, दुसरा गरम म्हणून. तो टाय बांधत असला की मला हटकून बाथरूमला जायचं असतं. शर्टाची बटणं त्यानं एक घर चुकवून लावली तर मी काही बोलत नाही, सगळी लावून झाल्यावर सांगतो. ऑफिसला त्याला रोज उशीर होतो. वरच्या मजल्यावरच्या बाई परवा आल्या होत्या. नमस्कार केला, माणूस वाईट नाही. मी म्हटलं, तुमच्या कुर्त्याचा घेर डाव्या बाजूला खाली आला आहे, स्टुलावर उभ्या राहा, टाचण्या लावून देतो. त्या उभ्या राहिल्या. मी जेवणवेळेपर्यंत टाचण्या लावल्या. त्यानंतर त्या आलेल्या नाहीत.

दुकानात काय चाललं आहे? गणवेशांच्या गळ्याला आतून पट्टी लावलीस का? मला आठवणीत ठेव, एवढंच मागतो.

तुझा
बाबा

५ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न.

मोकळी जागा मी मोकळीच ठेवली आहे. तुम्ही मला रागावलात ते बरोबर आहे. पण मी परत येऊन कलम खोडणार नाही. तुमच्या आजारपणातली सगळी वर्षं त्यानं माझ्या पाठीवर बसून काढली, आणि उतरताना मला शाबासकी दिली. हे मला गिळता येत नाही.

तुमचा चहाचा प्रकार वाचून मी दुकानात एकटीच हसले, गिऱ्हाईक घाबरलं. हाताशी असू द्या म्हणून आणखी सांगते. ताटात चमच्याचा आवाज केलेला त्याला अजिबात सहन होत नाही. इस्त्री केलेल्या पँटवर कुणी बसलं तर दिवस खराब जातो. सकाळच्या बातम्या रेडिओवर मोठ्यानं लावल्या की त्याचं डोकं चढतं, आणि तुम्हाला तर कमीच ऐकू येतं असं सांगता येईल.

गोळ्या मात्र वेळेवर घ्या. सूड घेताना त्या चुकवू नका. गळ्याला पट्टी लावली आहे. शिलाई तुमच्यासारखी बसत नाही.

आशीर्वाद असू द्यावा, रागासकट चालेल.

आपली
सून (तूर्त)

२१ जून

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण मी बाथरूममध्ये पडलो. हाड मोडलेलं नाही, घाबरू नकोस. तो धावत आला आणि मला नेमका डाव्या हाताला धरून ओढून उठवायला लागला. मी ओरडलो. त्यानं हात सोडला आणि ओल्या फरशीवर माझ्याशेजारी टायसकट बसला. मग रडायला लागला. म्हणाला, बाबा, मला काहीच येत नाही. मी दोन महिने या क्षणाची वाट पाहत होतो. वाटलं होतं, गंमत येईल. आली नाही.

त्यानं ऑफिसातून रजा काढली. बढती दुसऱ्याला मिळाली, ते त्यानं मला पेपर वाचल्यासारखं सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनीही त्याला कळवलं की त्यांना घाई नाही. मला त्याचा अर्थ समजला, त्याला अजून समजायचा आहे. आता तो माझी दाढी करतो. पहिल्या दिवशी त्यानं वस्तरा असा धरला की मला वाटलं, करारनाम्यातून मी आजच सुटतो. पण सूनबाई, मी त्याला गाल फुगवून दिला. चिडलेला माणूस गाल फुगवून देत नाही. त्याच वेळी मला कळलं की आपला राग गेला.

तुझा गेला नसेल. तो घालव असं मी सांगणार नाही, तुझी शिलाई तू उसव. फक्त माझ्याकडून यापुढे काम होणार नाही. रेडिओ मी हळू केला आहे.

तुझा
बाबा

१७ सप्टेंबर

प्रिय अक्कास,
सा. न. वि. वि.

सोमवारी निकाल लागला. न्यायाधीशांनी विचारलं, कुणाचं दडपण नाही ना. तो नाही म्हणाला, मी नाही म्हटलं. एवढंच. आम्ही आधी कुणाच्या तरी खोकल्यामुळे थांबलो, त्याला जास्त वेळ लागला.

बाबा आले होते. त्यानं त्यांना जिने उतरवून आणलं होतं, आणि तो त्यांच्या डाव्या बाजूला उभा होता. पायरी आली की आधी स्वतः एक उतरायचा, मग खांदा द्यायचा, आणि हे करताना बाबांकडे बघतही नव्हता, इतकं अंगवळणी पडलं आहे. अक्का, ते बघून माझ्या अंगाची जी आग झाली ती त्या वरच्या मजल्यावरच्या बाईंचं ऐकून झाली नव्हती. येतं की त्याला. मी होते तोवर येत नव्हतं. सूड मी बेतला, कापला, शिवला, आणि त्याच्याच अंगावर तो सुटासारखा चपखल बसला. त्याला बाप मिळाला, मला रिकामी खुर्ची. तू विचारलं होतंस ना, बाबांचं काय ठरवलंस. तेव्हा उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, तू फार समजूतदारपणे निभावलंस, आता आपण मित्र. मी त्याला स्पष्ट सांगितलं की मित्र नाही आणि समजूतदारही नाही. बाबांना विचारून घेतलं, मग त्याला म्हटलं, बाबा रोज दुकानात येतील. तूच आणायचंस, तूच न्यायचंस, बाजारातल्या हमरस्त्यानं, सगळ्यांच्या देखत. मी काउंटरवरून उठणार नाही आणि पाणी विचारणार नाही. कुणी विचारलं तर बढती का हुकली ते तुझं तू सांग. त्याचा चेहरा पडला. पण हो म्हणाला.

आज पहिला दिवस होता. मी सकाळीच खुर्चीवरचे तागे उचलले. तो बाबांना घेऊन आला तेव्हा अख्ख्या बाजारानं माना वळवल्या, इस्त्रीवाला तर गरम इस्त्री हातात धरून बघत राहिला. दुकानात आल्यावर त्यानं बाबांना बसवलं, उशी लावली, कात्री उजव्या हाताशी ठेवली आणि तिथेच घुटमळत राहिला. कुणीतरी बरं म्हणावं याची वाट बघत असणार. मी कापड मोजत राहिले. मग बाबांनी खडूनं रेघ ओढता ओढता मान वर न करता त्याला सांगितलं की बाजूला हो, उजेड अडतो आहे.

तो दारातून बाहेर पडेपर्यंत मी हसले नाही. नंतर बाबांनी विचारलं, झालं का समाधान. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, बरं, उद्या परत येईलच तो, आणि दुसरं कापड पुढे ओढलं.

मुलांना पापा. माझ्यावर रागावणं थोडं, माया पुष्कळ, असं चालू ठेव.

तुझी
धाकटी