मशीन अंगणात सुरू करू नकोस

सूनबाई,

गवत कापायचं मशीन चालू झालं. बंद करायच्या बटणाची वायर सोलली जाऊन पत्र्याला टेकत होती, म्हणून प्लगला ठिणगी येत नव्हती. खात्री करायला मी ती वायर सोडवली आणि दोरी ओढली. मशीन लगेच धडधडलं, पण वायर सुटलेली असल्यामुळे बटणाने बंद होईना. वायर सोडवून मशीन सुरू करू नये, ही सूचना मशीनच्या पुस्तकात पुढच्या पानावर होती. शेवटी प्लगची टोपी उपटली, हाताला झटका बसला, तेव्हा ते थांबलं.

तोवर आवाज ऐकून ही लेकाचा टॉवेल घेऊन मागच्या दारात आली. "अहो, आला ना तो? मग आहे कुठे?" माझ्या तोंडून निघून गेलं, "पुढच्या गल्लीत गेला असेल." आता ती चपला घालून त्याला बघायला निघाली आहे. मी सोबत जातो.

तो आता नाही, हे ती विसरते आणि दर वेळी तिला तूच सांगतेस. मी पुस्तक तोंडासमोर धरून बसतो. आज घरी यायच्या आत मीच सांगणार आहे. कसं जमेल कोण जाणे. आम्ही आलो की काही विचारू नकोस. टॉवेल तिच्याकडेच राहू दे.

वायर अजून जोडलेली नाही, मी ती जोडेपर्यंत दोरीला हात लावू नकोस. उद्या त्याच्या गिऱ्हाइकांकडे गवत कापायला जाशील, तेव्हा मशीन गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ढकलत ने आणि तिथे सुरू कर.