मेणाची मूठ

दि. ९ जुलै, सकाळ

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. आम्ही ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतो, जीभ ठणठणीत आहे. सहा वर्षांनी आलेलं दादाचं पत्र फाडावंसं वाटेल. वाच, मग फाड.

भाजी कापायचं यंत्र नव्याने करतोय. मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, पण अर्ध्या मिलिमीटरची चूक मला नुसत्या डोळ्यांनी दिसते, हे तू जाणतोस. वहिनी म्हणते, "तुमच्या यंत्राकडे बघतच बसायचं, की भाजीही कापायची?" म्हणून या वेळी सुरुवात फिरवायच्या मुठीपासून केली. मेणाची मूठ गुळगुळीत करून संध्याकाळी कारखान्याला कुलूप लावलं. किल्ली एकच, माझ्या खिशात.

सकाळी मेणावर बोटांचे ठसे. डाव्या हाताचे.

वहिनीवर ओरडलो. "एवढा पंजा माझा असता, तर तुमची असं बोलायची टाप होती?" म्हणाली. ठसे पुसले. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. पाच दिवस तेच. अंगठा बाहेर ठेवून धरायची तुझी ती खोड, आणि तर्जनी दुसऱ्या पेरापाशी संपलेली. कॅलिपर लावून मोजलं. पुन्हा मोजलं.

शेवटी त्याच ठशांवरून मूठ घडवली. जो धरतो तो म्हणतो, हात आपोआप बसतो. पात्यावर जाळीही आहे. ती मिटल्याशिवाय मूठ फिरतच नाही. आणि इतकं देखणं माझ्या हातून आजवर काही झालं नव्हतं.

जाळी. तिच्यापाशीच यायचं होतं. सहा वर्षांपूर्वी प्रदर्शनाच्या दिवशी जुन्या यंत्राची जाळी मीच काढली होती. यंत्राला मुसकं बांधल्यासारखी दिसत होती. तुला सांगितलं नाही. तू सवयीने हात पुढे केलास, बोट गेलं, आणि मी चारचौघांत म्हणालो, "याचंच लक्ष नव्हतं."

तुझं लक्ष होतं.

हे आजच का लिहितोय? उरलेल्या मेणाचा गोळा टेबलावर पडला होता. आज सकाळी त्यावर पुन्हा तोच हात, तोच बाहेर काढलेला अंगठा. तर्जनी मात्र अख्खी. नखासकट.

गोळ्याला मी हात लावलेला नाही. क्षमा वगैरे नंतर, वाटली तर. तू डावखुरा. अक्षर कसंही येऊ दे, त्याच हाताने एक ओळ लिही. शिवी लिहिलीस तरी चालेल.

ती जाळी काढणारा,
तुझा दादा