ठासून सांगायचं

प्रिय दिशा,

फोन केला असता, पण तो अण्णांच्या उशाशी असतो आणि तुझं नाव दिसलं की ते स्पीकर लावायला सांगतात. टेम्पोवाला मनोज शेवंतीची फुलं घेऊन नाशिकला निघालाय, त्याच्याच हाती ही चिठ्ठी तुझ्या दवाखान्यात पाठवतेय.

देवाला जाणारी फुलं, म्हणून वाफ्यात चप्पल घालायची नाही, हा आपल्या घरचा नेम तुला ठाऊकच आहे. तसंच अनवाणी फुलांचा तोडा करताना अण्णांच्या पायात काटकी घुसली. शुगरमुळे त्यांना कळलंही नाही. फरशीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा मीच ओरडले.

मग आले आपले पुंजाकाका. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झाल्यापासून त्यांना जगातलं सगळं कळतं! मांडीवर थाप मारून म्हणाले, हळद-तेल बांध, आठ दिसांत खडखडीत, नाय झाला तर मिशी काढीन. झालं, अण्णांचा जीव भांड्यात पडला. अगं, आपल्या विहिरीची जागा याच काकांनी दाखवली होती ना? कोरडी निघाली, तरी ठसक्यात म्हणाले, पाणी हाय, पण खाली हाय. अण्णांना तेही पटलं.

तू फोटो पाहून म्हणालीस, बहुतेक आत पू असेल, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, लवकर घेऊन या. खरं तेच बोललीस. पण फोन ठेवल्यावर अण्णा म्हणतात कसे, पोरगी डॉक्टर झाली, पण तिलाच नक्की माहीत नाय. असा संताप आला मला!

आज पट्टी सोडली तर करंगळी काळी पडलेली. वासही येतोय. घाबरले गं मी. काका म्हणाले, पिकतंय म्हणजे बरं होतंय. अण्णांनी लगेच मान डोलावली.

काका गेल्यावर मी तुझ्या नावानं खोटं बोलले. कमरेवर हात ठेवून सांगितलं, दिशाचा निरोप आलाय, उद्या सकाळी आला नाहीत तर पाय कापावा लागेल, लिहून घ्या. अण्णांनी हळूच विचारलं, कोणता सदरा घालू? उद्या घेऊन येतेय त्यांना. त्यांच्यापुढे माझं बोलणं खोडू नकोस, काय करायचं ते ठासून सांग. तुझ्या मनातल्या शंका मला बाहेर येऊन सांग, मी सगळ्या ऐकेन.

तुझीच,
आई