पूजेतला पाचकोनी पाना

खंडेनवमी, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. माझे वडील, अण्णा, मला विचारतात, "तुझं काय अडलंय?" काय अडलंय!

सकाळी माझ्या झोपून चालवायच्या सायकलचं मागचं टायर फाटलं. कमरेला मार बसल्यापासून साध्या सायकलवर मला बसता येत नाही. मी शिवलेले दसऱ्याचे ब्लाऊज आजच खर्डा गावातल्या बायकांना द्यायचे होते. नवं टायर घरात होतं, पण चाक निघणार कसं? त्याचा बोल्ट पाचकोनी, दुसरा कुठलाच पाना त्याला लागत नाही. आणि तो एकुलता एक पाना अण्णांनी कोयत्या-विळ्यांबरोबर पाटावर पुजलेला, हळदकुंकू लावून.

अण्णा म्हणाले, "पुजलेलं हत्यार आज उचलायचं न्हाई. ब्लाऊजं मी दिऊन येतो की."

मी ब्लाऊजांची पिशवी माझ्याकडेच ठेवली.

दुपारी शेजारचे तात्या आले, त्यांचा ट्रॅक्टर रस्त्यात बंद पडला होता. अण्णांनी पाटाला हात जोडले, मोठा पाना उचलला, त्याचं कुंकू धोतराला पुसलं. म्हणे, "अडलेल्या कामाला देव कशाला रागवंल?"

मग मीही हात जोडले आणि माझा पाना उचलला. कुंकू पुसलं नाही. चाक काढलं, टायर बदललं, खर्ड्याला स्वतः जाऊन आले.

आत्ता जेवताना अण्णा म्हणाले, "उद्या काढलं असतं चाक, तर काय बिघडलं असतं?"

कुंकवाने लाल झालेली बोटं तशीच ताटावर धरून मी विचारलं, "आणि तात्यांचा ट्रॅक्टर?"